कुणाच्या भरवशावर

२०२१ च्या जानेवारीतली गोष्ट. पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री उशिरा अकोले तालुक्यात कोतूळजवळ रस्ता शोधत होती. फोनवरच्या नकाशाने जवळचा रस्ता दाखवला, गाडी त्या रस्त्याला लागली आणि थेट पाण्यात उतरली. पुढे पूल होता, पण तो पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली गेलेला. गाडीतले दोघे पोहून बाहेर आले. चालकाला पोहता येत नव्हतं. तो गेला.

बातमी आली तेव्हा सगळ्यांनी नकाशाला शिव्या घातल्या. मला मात्र तो नकाशा अगदीच खोटा वाटत नाही. रस्ता होता, पूलही होता. पाणी ओसरलं की त्याच पुलावरून वाहनं जातात. वर्षातले काही महिने हा पूल माणसांचा नसून पाण्याचा असतो, एवढी एकच गोष्ट नकाशाला ठाऊक नव्हती. कोतूळच्या शाळेतल्या कुठल्याही पोराने ती सांगितली असती. पण मध्यरात्री रस्त्यावर शाळेतलं पोर नसतं, हेही तितकंच खरं. म्हणून ‘गावातल्या माणसाला विचारायचं ना’ हा शहाजोग सल्ला मी देणार नाही.

तेव्हापासून प्रवासाला निघताना कुठलंही यंत्र सॅकमध्ये टाकण्याआधी मला एक प्रश्न पडतो: याच्या मागे कोण उभं आहे? फोनमागे टॉवर आहे, टॉवरमागे डिझेल जनरेटर आहे, नकाशामागे तो कधीतरी काढणारा माणूस आहे, बॅटरीमागे भिंतीतला सॉकेट आहे. यंत्र घेतलं की आपण कुणाच्याच उपकाराखाली राहिलो नाही असं वाटतं, आणि त्याच वाटण्याचे पैसे दुकानदार घेतो. प्रत्यक्षात आपण फक्त भरवसा ठेवायचा माणूस बदललेला असतो. आधी तो समोर होता, त्याचा चेहरा दिसत होता, तो बिडी विझवून ‘तिकडून नका जाऊ’ म्हणत होता. आता तो दिसत नाही. प्रवासासाठी गॅजेट निवडणं म्हणजे कुणावर विसंबायचं ते निवडणं. मेगापिक्सेल, मिलिअँपिअर, वॉटरप्रूफ हे सगळं त्यानंतर.

उदाहरणार्थ जीपीएस. डोंगरात रेंज गेली की अर्धे लोक फोन खिशात टाकतात आणि ‘आता जीपीएस चालणार नाही’ म्हणतात. ही गैरसमजूत इतकी पसरलेली आहे की तिच्यामुळे माणसं चुकली असणार. जीपीएसचा आणि मोबाइलच्या रेंजचा तसा संबंध नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ आणि जागा ओरडून सांगत असतात. फोन ती फक्त ऐकतो. निदान चार उपग्रहांचा आवाज कानावर आला की आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. रेंज असेल तर ते लवकर कळतं, नसेल तर उघड्यावर चार मिनिटं थांबावं लागतं, एवढाच फरक. रेंजबरोबर जातो तो नकाशा. ठिपका असतो आणि त्याच्याखाली कोरा करडा कागद असतो. घरून निघताना त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला की हा प्रश्न मिटतो. एक पैसाही न लागणारं हे काम न करता चाळीस हजारांचं घड्याळ घेणारे लोक मी पाहिले आहेत.

हे उपग्रह आपले नाहीत, हेही लक्षात असावं. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ठिपका शंभरेक मीटर इकडेतिकडे पडायचा. मग एका रात्रीत त्यांनी ती चूक काढून टाकली आणि जगभरच्या लोकांचे ठिपके अचूक झाले. एका सरकारच्या मर्जीने. त्यावर उतारा म्हणून भारताने २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले, त्या व्यवस्थेला पुढे नाविक हे नाव मिळालं. तिच्या पहिल्याच उपग्रहातली अणुघड्याळं बिघडली आणि बदली उपग्रह पाठवावा लागला. घड्याळ बिघडलं की जागा चुकते. हातातल्या फोनवर निळा ठिपका स्थिर उभा असतो तेव्हा यातलं काहीच डोळ्यांसमोर नसतं, आणि ते असावं असंही नाही. चालताना कुणी खगोलशास्त्र आठवत नाही. मात्र निवड करताना आठवावं.

सह्याद्रीत या ठिपक्याची आणखी एक गंमत आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा आत वळलेला, काही ठिकाणी तर पोटात गेलेला कडा. कड्याच्या ओठावर उभ्या असलेल्या माणसाचा आणि त्याच ओठाच्या थेट खाली, शेकडो मीटर खोल झाडीत उभ्या असलेल्या माणसाचा ठिपका नकाशावर जवळपास एकाच जागी पडतो. ठिपक्याला वर आणि खाली फारसं कळत नाही. समोच्च रेषांनी ते कळावं, तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशात त्या रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. अठरा मीटरचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मध्ये गुपचूप बसू शकतो. अठरा मीटर म्हणजे सहा मजली इमारत. कागद म्हणेल उतार आहे, पाय म्हणतील कडा आहे. सपाट मुलखात तयार झालेली यंत्रं आपल्याकडे घाटाच्या कड्यावर येऊन अशी गोंधळतात, आणि पश्चिम घाट तर सगळा वर-खालीच आहे.

मग लोक दुसऱ्याने चाललेली वाट फोनमध्ये उतरवून घेतात. ही चांगली सोय आहे, मीही वापरतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला खुला नकाशा तर अशाच बिनपगारी लोकांच्या चालण्यावर उभा आहे. ट्रेकर वापरतात ती बरीचशी ऑफलाइन अॅप त्याच्याच जिवावर चालतात. पण ती रेघ म्हणजे कुणीतरी एका दिवशी घेतलेला निर्णय. तो माणूस डिसेंबरात गेला होता की जुलैत, त्याच्याबरोबर दोर होता का, मध्ये तो ढोरवाटेला लागून अर्धा तास भरकटला आणि परत आला का, हे रेघ सांगत नाही. भरकटलेला अर्धा तासही ती तेवढ्याच इमानदारीने ठळक करून दाखवते. ‘पुढच्या खिंडीत घसारा आहे, बसून उतरा’ हे वाक्य रेघेत मावत नाही. डिसेंबरात वाळलेल्या ओढ्याचं पात्र ही तिथली सगळ्यात सोपी वाट असते, जुलैत तीच जिवावर येते, आणि रेघ दोन्ही महिन्यांत त्याच निळ्या रंगाची.

इथे वाटाड्याची आठवण निघतेच. वाटाड्या घ्यावा, हे सगळे म्हणतात आणि दोनशे रुपये वाचवायला बहुतेक जण घेत नाहीत. पण वाटाड्या हाही शेवटी एक भरवसाच, आणि त्याचेही प्रकार असतात. जी घाटवाट त्याच्या आजोबाच्या पायाखालची होती ती त्याच्या पायाखालची असेलच असं नाही. जनावरं कमी झाली, जळणासाठी रानात जाणं कमी झालं, पोरं नाशिकला कंपनीत गेली. मी एकदा अशा वाटाड्याबरोबर गेलो आहे ज्याने अर्ध्या वाटेत माझ्याच फोनमध्ये डोकावून ‘काय म्हणतोय?’ असं विचारलं. मला तेव्हा हसू आलं. नंतर मात्र वाटलं की तो आणि मी दोघांनी मिळून ती वाट काढली, आणि तेवढ्या दिवसापुरती तीच सगळ्यात भरवशाची व्यवस्था होती.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण प्रवासातल्या यंत्रांचा सगळा डोलारा शेवटी तिच्यावर येतो आणि खरेदी करताना तिच्याकडे कुणी बघत नाही. २०२२ च्या मे महिन्यात लोणावळ्याजवळ नागफणीला एकटा गेलेला दिल्लीचा एक तरुण वाट चुकला. त्याने फोन करून तसं कळवलं. त्यानंतर फोन बंद झाला. बचाव पथकं, स्थानिक गिर्यारोहक, एनडीआरएफ, सगळे शोधत होते. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला. अशा ठिकाणी फोनच्या शेवटच्या दहा टक्क्यांची किंमत दुकानात लावता येत नाही. आणि ते दहा टक्के आपण सकाळी चहा पिताना रील चढवण्यात घालवलेले असतात. फोन, कॅमेरा, नकाशा, टॉर्च, पाकीट आणि घरी संपर्क ही सहा यंत्रं एका बॅटरीवर टाकली, की ती एका वेळी मरतात. सॅक हलकी होते, यात शंका नाही. माझा आग्रह इतकाच की टॉर्च तरी वेगळी असावी, आणि शक्यतो सेलवर चालणारी. केबलने चार्ज होणारी हेडटॉर्च दिसायला छान असते, पण तिला सॉकेट लागतो. पेन्सिल सेल गावातल्या ज्या दुकानात खोबरेल तेल आणि काडेपेटी मिळते तिथे मिळतो.

पॉवर बँक घ्यायची तर तिचा हिशेब नीट कळायला हवा. वीस हजार मिलिअँपिअर अवर असं ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. फोनला द्यायला तो ५ व्होल्टवर चढवावा लागतो, मध्ये थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, आणि हाती राहतात बारा-तेरा हजार. हा आकडाही त्याच डब्यावर असतो, बारीक अक्षरात. विमानवाल्यांना मात्र मिलिअँपिअरशी काही देणंघेणं नाही, ते वॉट-अवर मोजतात. २०,००० ला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की ७४ येतात. शंभरापर्यंत विचारणा होत नाही, शंभर ते एकशे साठसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, कारण लिथियमने पेट घेतला तर तो माणसांच्या डोळ्यांसमोर घ्यावा; सामानाच्या पोटात घेतलेला कळत नाही. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानात आग लागली, प्रवासी घसरगुंड्यांवरून उतरले, आणि त्यानंतर तिथे पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाही बंदी आली. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर बँक तापत ठेवणाऱ्यांनी या बातमीचा विचार करावा.

रेल्वेचं प्रकरण त्याहून साधं आणि त्याहून भारतीय. डब्यातल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. फोनचे चार्जर १०० ते २४० मधलं काहीही गिळतात, म्हणून चालतं. पण आगीच्या भीतीने पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ हे सॉकेट बंद ठेवायचं ठरवलं. म्हणजे ज्या वेळात आपण फोन उशाशी लावून झोपणार, नेमकी तीच वेळ. पहाटे पाचला उतरणाऱ्याचा फोन रात्री अकराला जेवढा होता त्याहून कमीच भरतो. अंधारात उतरून रिक्षा शोधणाऱ्या माणसाला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आतापर्यंत मी जे लिहिलं त्यावरून वाटेल की हा माणूस यंत्राला नावं ठेवून माणसाकडे वळा म्हणतो आहे. त्या बाजूला जायचा मोह मराठी लेखनात फार जुना आहे: एसटी स्टँडवरचा चहावाला, वाट दाखवणारी म्हातारी, ‘पाव्हणं, जेवून जा’. हे सगळं खरं आहे, पण ते कुणासाठी खरं होतं, हा प्रश्न उरतोच.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ च्या सुमाराचा एक प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीला, मुलं साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर नऊ-दहा वर्षांचे भीमराव आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. येत असल्याचं पत्र आधी पाठवलं होतं, पण न्यायला कुणीच आलं नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलं महार आहेत हे कळल्यावर तो मागे सरला. बैलगाड्या होत्या, कुणी न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. जवळ जेवण होतं, पाण्यावाचून ते खाता आलं नाही. आणि वडील का आले नव्हते? पत्र पोचलं होतं. ते घेणारा नोकर द्यायला विसरला.

वाट विचारण्याचं कौतुक करताना मला हा प्रवास आठवतो. ‘विचारत विचारत जा’ हा सल्ला ज्याला विचारल्यावर उत्तर मिळतं त्याच्यासाठी असतो. ‘कुठले? कुणाचे?’ हा आपल्याकडे वाटेवरचा पहिला प्रश्न, आणि वाट दाखवायची की नाही हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरत आलं आहे. निळा ठिपका हा प्रश्न विचारत नाही. रात्री नऊला अनोळखी शहरात उतरलेल्या मुलीला रिक्षा स्टँडवरच्या पाचजणांच्या घोळक्यात जाऊन ‘किती घेणार?’ म्हणायची गरज उरली नाही, ही लहान गोष्ट नाही. तिच्यासाठी फोन हा चैनीचा विषय नाही. बायकांनी घोळक्याला विचारावं, त्यातून माणुसकी अनुभवावी, असं जो पुरुष लेखक लिहितो त्याने आधी स्वतः रात्रीच्या शेवटच्या गाडीने साडी नेसून जावं.

फोनमागे तरी माणूस नाही का? आहे, आणि जात विचारणाऱ्यांपैकी काही त्याच्यामागेही आहेत. पैसे पाठवताना दोन्ही बाजूंना पूर्ण नाव दिसतं, आडनावासकट. टॅक्सीच्या अॅपवर चालकाचं नाव, मुक्कामाच्या बुकिंगवर पाहुण्याचं नाव. मसूरच्या स्टेशनमास्तरला निदान तोंडाने विचारावं लागलं होतं. तरीसुद्धा निवडायची वेळ आली तर मी त्या मुलांच्या हातात फोन दिला असता, एवढं निश्चित. वडिलांना थेट निरोप गेला असता, मध्ये नोकर आला नसता.

यावरून मला असं दिसतं की उपकरण निवडण्याचा एक सर्वांसाठीचा नियम असू शकत नाही, आणि ‘प्रवासाला न्यायची दहा गॅजेट्स’ अशा याद्या त्यामुळेच निरुपयोगी ठरतात. त्या याद्यांना वाचणारा कोण, हे माहीत नसतं. ज्याला माणसांचा भरवसा सहज मिळतो त्याने यंत्रं कमी केली तरी चालेल. ज्याला तो मिळत नाही त्याने यंत्रावर खुशाल खर्च करावा, फक्त त्या यंत्राच्या मागे कोण उभं आहे ते पाहून.

कधी कधी मागे उभं असतं ते थेट सरकार. परदेशातले गिर्यारोहक सॅकला अडकवतात ती उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी यंत्रं बचावासाठी उत्तम आहेत. भारतात मात्र परवान्याशिवाय ती बाळगता येत नाहीत, उपग्रह फोनही नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तर याबाबत यंत्रणा अधिकच कडक झाली. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना अशा यंत्रासाठी अडवून ताब्यात घेतल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. त्यांच्या देशात तेच यंत्र जबाबदार माणसाची खूण होती. लडाखला जाणाऱ्या आपल्या लोकांना दुसराच धक्का बसतो: तिथे बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं. लाखाची दुचाकी, दीड लाखाचा फोन, आणि सिम प्रीपेड. लेहला पोचल्यावर हा फोन घड्याळ आणि कॅमेरा होऊन बसतो. ड्रोनचं तर विचारूच नका. २५० ग्रॅमच्या आतला असला तरी संरक्षित किल्ल्यावर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि कड्याला लटकलेल्या आग्यामोहोळांना ग्रॅमचा हिशेब समजत नाही.

या सगळ्यात मला एक समूह फार हुशार वाटतो: मुला-मुलीकडे अमेरिकेला निघालेले मराठी आजी-आजोबा. त्यांच्या सामानात नेहमीच चुकीचं एक यंत्र असतं, ते म्हणजे मिक्सर. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथल्या भिंतीत १२०, त्यामुळे तो तिथे गुरगुरतो पण चटणी वाटत नाही. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो मिक्सरहून जड. त्याउलट फोनचा चार्जर दोन्हीकडे चालतो आणि फक्त पिन बदलावी लागते. हा फरक यंत्रावरच्या बारीक अक्षरात लिहिलेला असतो, १००-२४० असा, आणि परदेशी निघालेल्या माणसाने चष्मा लावून वाचावी अशी ती एकमेव ओळ आहे.

पण विमानतळावर हेच लोक काय करतात ते पहा. रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या आजी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागतात. गुडघे धडधाकट. त्यांच्याकडे फोन आहे, त्यात विमानतळाचा नकाशा आहे, नातवाने तो उघडून दाखवलेला आहे. तरी व्हीलचेअर. कारण त्या खुर्चीमागे एक माणूस येतो. तो गेट जाणतो, इमिग्रेशनची रांग जाणतो, दुबईला टर्मिनल कसं बदलायचं ते जाणतो, आणि अधिकाऱ्याने इंग्रजीत काही विचारलं तर आजींकडे बघून हातवारे करतो. खुर्ची चालण्यासाठी नसतेच. वाटाड्या मिळावा म्हणून ती घेतलेली असते. ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांच्या वाट्याच्या खुर्च्या यात कमी पडतात, हा आक्षेप रास्त आहे आणि मी आजींना तसं सांगूनही पाहिलं आहे. पण निवड म्हणून पाहिलं तर त्यांना आपली अडचण नेमकी कळलेली असते. अडचण भाषेची आणि घाबरण्याची आहे, अंतराची नाही. घरात चार इंजिनिअर असून एकालाही ती सोडवणारं अॅप सुचलेलं नसतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेत गेले, झाशीचा वेढा आतून पाहिला, लूट सोसली, आणि ‘माझा प्रवास’ लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, बहुतांशी आठवणीवर. पुस्तक छापून आलं १९०७ साली. त्यांच्याकडे कॅमेरा असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी नेहमी चघळतो. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञाने संग्रहालयात केलेल्या प्रयोगात असं आढळलं की ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. पण एखाद्या वस्तूचा एकच भाग जवळून टिपला तेव्हा स्मृती तशी घसरली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कमी, ‘आता हे त्याच्याकडे आहे, मला ठेवायला नको’ असं म्हणून नजर काढून घेण्याचा जास्त. इथेही भरवशाचाच मामला. गोडसे भटजींना भरवसा ठेवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी डोळे उघडे ठेवले. मी एका ट्रेकचे सातशे फोटो परत कधीही उघडलेले नाहीत.

आणि एक तक्रार, जी यंत्राची नाही. हल्ली घरचे लोक आपल्याला ठिपका म्हणून बघतात. ‘लाइव्ह लोकेशन पाठवून ठेव’ एवढं म्हटलं की आई निर्धास्त होते, असं वाटतं. मी रतनगडाला गेलो तेव्हा आईच्या फोनवर माझा ठिपका दुपारी एका ओढ्यात थांबला आणि चार तास हलला नाही. रेंज गेली होती. मी त्या चार तासांत कातळातल्या पायऱ्या चढून, नेढ्यात बसून, डबा खाऊन मजेत होतो. ती पुण्यात फोन हातात धरून बसली होती. तिला ठिपक्याआधी एक वाक्य द्यायला हवं होतं: ‘अकरा ते सहा रेंज नसेल, सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर याला कळव.’ हे वाक्य कुठल्याही अॅपमध्ये नाही. ते कागदावर लिहून फ्रिजला लावता येतं. ठिपक्याने तिला माझ्यावर विसंबायला शिकवलं नाही, त्याने तिला टॉवरवर विसंबायला लावलं, आणि तो टॉवर डोंगराच्या पलीकडे होता.

त्याच ट्रेकला सकाळी आम्ही पायथ्याच्या गावात एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली. चौघांचे मिळून सहाशे रुपये झाले. आमच्याकडे सुटे नव्हते, खरं म्हणजे कुणाकडे रोख नव्हतीच. शहरात राहून ती सवय गेली आहे. दारावर क्यूआर कोड चिकटवलेला होता, उन्हाने फिका पडलेला. रेंज नव्हती. घरातल्या ताई म्हणाल्या, ‘राहू द्या, रेंजमध्ये गेल्यावर पाठवा.’ मी नंबर लिहून घेतला. त्यांनी माझा मागितला नाही, नावही विचारलं नाही.

मी विसरलो. उतरलो, जीपमधून घोटी, तिथून कसारा, आणि लोकल सुटल्यावर खिडकीशी बसून फोन काढला तेव्हा आठवलं. चार टक्के बॅटरी होती. पॉवर बँक दुसऱ्याच्या सॅकमध्ये, आणि तो घोटीलाच नाशिकच्या गाडीत बसला होता. मी सहाशे रुपये पाठवले, ते गेले. मग ‘ताई, पैसे पाठवले, उशीर झाला’ असा मेसेज टाकला. त्यापुढे एक टिक आली. आसनगाव येईपर्यंत मी ती एक टिक पाहत होतो, मग फोन बंद झाला.

दुसरी टिक तीन दिवसांनी आली. तालुक्याच्या बाजाराला आल्या असाव्यात.